मावशीचा बोनस

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तीन पोरं माझ्या घरी मोरव्याला आली. भाईंदर स्टेशनावरून उत्तनच्या गाडीत बसून, मुर्धा-राई मागं टाकून. हातात निवेदनाचा कागद. एका इस्पितळात ठेक्यावर झाडलोट करणाऱ्या बायांचं निवेदन. त्यात पहिलीच मागणी होती : आम्हाला कामगिरीवर आधारित बोनस मिळावा. पोरं म्हणाली, "काका, भाषा तेवढी बघून द्या."

भाषा ठीक होती. मागणीच चुकली होती. पण ती का चुकली हे एका वाक्यात सांगता येईना. सांगता सांगता रात्रीचे बारा वाजले. त्या रात्री जे बोललो तेच इथं लिहून काढतोय. कारण असे कागद आज ठिकठिकाणी लिहिले जातात, आणि लिहिणारी पोरं आपलीच असतात.

१

बोनस हा शब्द आमच्या घरात आला तो आज्याबरोबर. आजा परळच्या गिरणीत त्रासनखात्यात होता. म्हंजे सूत काढायच्या खात्यात. साच्यावर, म्हंजे कापड विणायच्या मागावर, त्याला कधी उभं केलं नाही. तो म्हणायचा, "हात माझे तेच, डोळे तेच. पण तोंड बाटलेलं ना!"

ही तोंडाची भानगड काय ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडात घेणार? म्हणून विणकाम खातं आपल्याला बंद. हा नियम मालकानं कुठं लिहून ठेवला नव्हता. सोबतच्या कामगारांनीच तो पाळला, आणि मालकानं तो चालू दिला.

आता नीट बघा. गिरणीत विणकराला पगार कसा होता? जेवढं कापड तेवढे पैसे. अंगावरचं काम. आजच्या साहेबी भाषेत कामगिरीवर आधारित मोबदला. आणि गिरणीतला चांगला पगार तिथंच होता. म्हंजे मोजून पैसे मिळण्याची जी जागा, तिथं आपल्याला जाऊच दिलं नाही. आज्याच्या वाट्याला ठरलेला, बारका पगार. त्याची कामगिरी वाईट होती असं नाही. ती मोजायच्या खात्यात त्याला प्रवेशच नव्हता.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने. त्याच्या मुळाशी 'एफिशियन्सी' होती. ससून गटाच्या गिरण्यांत मालकांनी नवी पद्धत आणली. एका माणसानं जास्त साचे बघायचे, रिंगखात्यात एकानं दुप्पट बाजू सांभाळायच्या. कार्यक्षमता वाढवायची आणि माणसं घटवायची. संपाचे पुढारी त्याविरुद्ध लढत होते ते बरोबरच होतं. पण त्याच वेळी बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, विणकाम खात्याचं दार अस्पृश्य कामगारांना बंद आहे, त्याचं काय? ही मागणी घेणार नसाल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावं? त्यानंतर ही मागणी पुढाऱ्यांना कागदावर घ्यावी लागली.

ह्यात धडा आहे. कामगारांच्या दोन बाजूंचं भांडण मोजणीवरून चाललेलं होतं. बाबासाहेबांनी त्याच्याही आधीचा प्रश्न टाकला. मोजायच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही?

२

आता बोनस. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरणीमालकांनी रग्गड नफा कमावला. १९१७ साली मुंबईच्या मालकांनी पगारावर १० टक्के युद्धबोनस दिला. पुढं काही वर्षं वर्षाकाठी बोनस मिळाला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला, आणि १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखावर कामगार संपावर गेले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाउड ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समिती म्हणाली, बोनसवर कामगारांचा कसलाच हक्क नाही. ना वहिवाटीचा, ना कायद्याचा. म्हंजे मालकाच्या मनात आलं तर द्यावा, नाहीतर नाही.

हे 'मनात आलं तर' मोडायला चाळीस वर्षं लागली. १९५० साली मुंबईच्या गिरण्यांच्याच तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणानं सांगितलं, नफा भांडवल आणि श्रम दोघांनी मिळून होतो, म्हणून शिलकेत दोघांचा वाटा आहे. १९६१ साली मेहेर आयोग नेमला गेला. १९६५ साली बोनस कायदा झाला. आधी किमान ४ टक्के, मग ८.३३ टक्के. ८.३३ म्हंजे बाराव्वा हिस्सा, वर्षाकाठी एक महिन्याचा पगार.

ध्यानात घ्या, हा बोनस कुणी मार्क देऊन वाटायचा नाही. तू चांगली, तू वाईट, असा भेद त्यात नाही. वर्षात तीस दिवस काम केलं की हक्क लागू. मारामारी, अफरातफर केली तरच तो जातो. साहेबाची मर्जी हे त्यातलं कलम नाही.

पण ह्याच कायद्यात ३२ वं कलम होतं. त्यात कुणाकुणाला हा कायदा लागू नाही त्याची यादी. सरकारी खाती त्यात, महापालिका त्यात, आणि नफ्यासाठी न चालवलेल्या संस्था त्यात. कंसात नाव घालून सांगितलंय : इस्पितळं धरून. म्हंजे जे. जे. मधली आया असो, पालिकेच्या इस्पितळातली असो की धर्मादाय इस्पितळातली, बोनसच्या दारातूनच परत. कारण काय, तर इथं सेवा चालते, नफा नाही.

आणि गंमत बघा. ह्याच्या पाच वर्षं आधी, १९६० साली, सुप्रीम कोर्टानं इस्पितळाला उद्योग ठरवलं होतं. तो खटला मुंबईचाच. मुंबई सरकार विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा. जे. जे. समूहाच्या इस्पितळातल्या वॉर्डात काम करणाऱ्या दोन बाया. त्यांना कमी केलं, आणि त्यांच्या जागी पुरवठा खात्यातून सुटलेली माणसं घेतली. बायांना कायद्यानं द्यायची भरपाई दिली नाही. सरकारचं म्हणणं, इस्पितळ हा उद्योगच नाही, मग उद्योगाचा कायदा कसला? न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी ते मानलं नाही. बाया जिंकल्या. १९७० साली सफदरजंग इस्पितळाच्या खटल्यात कोर्ट उलटं फिरलं, १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या निकालात परत सुलटं झालं. आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं धर्मादाय आणि समाजसेवी संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर काढल्या आहेत. गटारात उतरणारा तोच, भांडं उचलणारी तीच. ती कामगार आहे की नाही, ते मात्र साठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर लोंबकळत राहिलं.

३

माझी आई त्या सगळ्यात मधे कुठंतरी होती. १९७३ साली ती मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात आया म्हणून लागली. आधी बदली, मग कायम. आम्ही तेव्हा मोरव्यात भाड्यानं राहायचो. बाजूला मिठागरं. पहाटे चारला उठून, भाकऱ्या थापून, स्टेशनापर्यंत चालत जायची आणि लोकल धरायची.

वॉर्डात तिला नाव नव्हतं. "मावशी, भांडं द्या." "मावशी, चादर बदला." "मावशी, इथं उलटी झालीय." डॉक्टर साहेब, नर्स सिस्टर, आणि ही मावशी. आई म्हणायची, "बहिणीचं पोर म्हणून करायचं, आणि पगाराच्या दिवशी नातं विसरायचं." रात्रपाळीत चाळीस खाटांना दोन बाया. कुठल्या बाईनं किती भांडी उचलली, किती मढी आवरली, ह्याची वही कुठंच नव्हती. तिचं काम असं की केलं तर दिसत नाही. नाही केलं तरच दिसतं, तेही वासानं.

मग आणीबाणी आली. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण दोन गोष्टी कुणी एकत्र ठेवून बघत नाही. पहिली, सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ वरून ४ टक्क्यांवर आणला, आणि बोनस उत्पादनाशी, उत्पादकतेशी जोडायची भाषा सुरू झाली. दुसरी, त्याच वेळी नसबंदीचा कोटा आला. आरोग्य खात्यातल्या माणसांना, मास्तरांना, तलाठ्यांना केसेसचं लक्ष्य. १९७६-७७ साली देशाचं लक्ष्य होतं ४३ लाखांच्या घरात. नसबंद्या झाल्या ८१ लाखांवर. महाराष्ट्रानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली दोन्ही सभागृहांत मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते राहिलं.

म्हंजे एका हातानं हक्काचा बोनस काढून घेतला, आणि दुसऱ्या हातानं कामगिरीचा आकडा गळ्यात बांधला.

मुकादमानं आईला सांगितलं, दोन केसेस आण, नाहीतर कायम व्हायचं विसर. आई दोन केसेस कुठून आणणार? बंगल्यातून? आपल्याच वस्तीतून. पहिला एक म्हातारा मिळाला. दुसरा आमच्या शेजारचा, मिठागरावर टोपल्या वाहणारा गडी. त्याला पैशाची नड होती. आईनं त्याला नेलं. जखमेत पू झाला. चार महिने त्याला टोपली उचलता आली नाही. केस आणल्याचे जे पैसे आईला मिळाले ते घेऊन ती त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं घेतले नाहीत. पुढं ती बाई आमच्या घरचं पाणी कधी प्यायली नाही.

पुढं आई कायम झाली. २००६ ला निवृत्त झाली. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत वरच्या साहेबानं तिच्या कामाला 'चांगलं' म्हटलं ते एकदाच. त्या दोन केसेससाठी. ज्या कामानं माणसं जगली ते कुणी मोजलं नाही, आणि जे मोजलं ते तिला मरेपर्यंत खात राहिलं.

१९७७ साली सरकार बदललं, ८.३३ टक्के परत आलं. १९७९ साली रेल्वेला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळाला. रेल्वेत माल किती वाहिला ते टनांत मोजता येतं. इस्पितळात टन कशाचे धरायचे?

४

महापालिकांना बोनसचा कायदा लागू नाही, म्हणून दिवाळीला त्या 'सानुग्रह अनुदान' देतात. शब्द ऐका. सानुग्रह. अनुग्रह म्हंजे कृपा. देव करतो ती. दर वर्षी युनियनवाले चकरा मारतात, साहेब आकडा जाहीर करतात. २०२४ साली मुंबई महापालिकेनं कर्मचाऱ्यांना २९,००० रुपये जाहीर केले. आणि दारोदार फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या आरोग्य सेविकांना १२,००० रुपये. त्याला नाव काय दिलं? भाऊबीज भेट. मावशीपासून बहिणीपर्यंत नातं वर चढलं, पण कामगार काही झालं नाही. बहिणीला ओवाळणी असते, पगार नसतो.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा आल्या. महाराष्ट्रात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत. २०१३ पासून शहरातही आल्या. माझी भाचीच आशा आहे. सरकार तिला कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. आणि तिचे पैसे कसे? कामागणिक. नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी पुऱ्या केल्या की २५० रुपये. अशी लांबलचक यादी. भेट झाली पण फॉर्म भरला नाही, पैसे नाहीत. रात्री दोनला बाळंतिणीबरोबर रिक्षात बसून गेली, पण ती खासगीत दाखल झाली, तर ती रात्र हिशेबात नाही. २०२१ च्या जूनमध्ये आणि २०२४ च्या सुरुवातीला आशांनी संप केले ते ह्याच्याचसाठी. मधल्या २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा सन्मान केला. भाची म्हणाली, "मामा, सन्मानाला फॉर्म लागला नाही, तेवढं बरं."

उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमले. त्यांना महिना २५,००० ठरलेले आणि १५,००० पर्यंत कामावर आधारित. सोबतच्या नर्सबाई आणि आशा ह्यांना गटाचा मोबदला. त्याच उपकेंद्रात झाडलोट करणारी अंशकालीन स्त्री परिचर असते. तिला कित्येक वर्षं महिना १,२०० रुपये होते, पुढं ३,००० झाले. गटाच्या यादीत ती नाही. साच्यावर आजा नव्हता, तसं.

आता म्हणाल, स्वच्छता मोजतच नाहीत का? मोजतात. २०१५ साली केंद्रानं कायाकल्प नावाची योजना आणली. सरकारी इस्पितळांची तपासणी. झाडलोट, कचऱ्याची विल्हेवाट, जंतुसंसर्ग रोखणं, सगळ्याला मार्क. ७० टक्क्यांवर मार्क पडले की बक्षिसाला पात्र. जिल्हा इस्पितळाला पहिलं बक्षीस ५० लाख. त्यातले ७५ टक्के इस्पितळाच्या सुधारणेला आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांना, असा नियम. पहिल्यांदाच आपल्या माणसांच्या कामाला मार्क! पण मार्क पडले मावशीच्या फडक्याला, आणि मावशी कुणाच्या पटावर? ठेकेदाराच्या. ती इस्पितळाची कर्मचारीच नाही. निवेदनावर सह्या करणाऱ्यांतली एक बाई मला म्हणाली, "आधी होते तिथं बक्षीस आलं काका. फोटो काढला. आम्हाला पेढा दिला."

५

हे फक्त आपल्याकडंच चालतं असं समजू नका. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या महापालिकेत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे पुरुष आणि स्वयंपाक करणाऱ्या, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या बाया एकाच श्रेणीत होत्या. कागदावर पगार सारखा. पण पुरुषांच्या कामाला बोनस, बायांच्या कामाला नाही. बाया कोर्टात गेल्या. २०१० साली न्यायाधिकरणात जिंकल्या, २०१२ साली त्यांच्या सोबतिणी सुप्रीम कोर्टात जिंकल्या. देणं एवढं साचलं की २०२३ च्या सप्टेंबरात महापालिकेला, आमच्याकडं आता पैसे नाहीत, अशी नोटीस काढावी लागली. त्या बायांनी आम्हालाही मार्क द्या असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, तुमची यादीच खोटी आहे.

आता पोरांच्या निवेदनाकडं येतो.

मोजणी म्हंजे पाप असं मी म्हणत नाही. पण मोजणी कधीही उघड्या मैदानात सुरू होत नाही. आधी यादी ठरते, मग मोजपट्टी येते. यादी करणारा आपला नसतो आणि पट्टी धरणाराही आपला नसतो. अशात 'कामगिरीवर बोनस' मागायचा म्हंजे मुकादमाच्या हातात आणखी एक काठी द्यायची. मार्क कोण देणार? तोच. जी बाई हातमोजे मागेल तिचे मार्क कमी. जी गप बसेल तिचे जास्त.

आणि खरी गोम पुढंच आहे. कायम मावशीला कायद्यानं बोनस नाही, कारण तिचा मालक सरकार किंवा महापालिका. पण ठेक्यावरच्या मावशीचा मालक कोण? ठेकेदार. तो काही धर्मादाय संस्था नाही. तो नफ्यासाठीच बसलाय. त्याच्याकडं वीस किंवा जास्त माणसं असली की बोनसचा कायदा त्याला लागू. १९६५ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण वीस माणसं, तीस दिवस, किमान ८.३३ टक्के ही चौकट तीच राहिली आहे. म्हंजे जो हक्क कायद्यानं पदरात आहे, मार्कांशिवाय आहे, तो सोडून आपण मार्क मागायला निघालो होतो!

पुष्कळ निविदांमध्ये बोनसची रक्कम ठेकेदाराच्या दरात धरलेली असते. म्हंजे तो ती सरकारकडून वसूल करतो आणि बाईला देत नाही. म्हणून आम्ही त्या रात्री निवेदन फाडलं आणि नवं लिहिलं. चार कलमं.

एक, ठेकेदारानं ८.३३ टक्के बोनस कायद्याप्रमाणं द्यावा, मागच्या थकबाकीसकट.

दोन, निविदेची, ठेकेदाराच्या बिलांची आणि पगारपत्रकाची प्रत द्यावी. ही मागणी निवेदनात नुसती लिहून भागत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली वेगळा अर्ज टाकायचा. दहा रुपये लागतात.

तीन, स्वच्छतेचं बक्षीस आलं तर कर्मचाऱ्यांच्या हिश्शात पहिलं नाव स्वच्छता करणाऱ्यांचं, पट कुणाचाही असो.

चार, मोजायचंच असेल तर आधी तुम्हाला मोजू द्या. एका बाईमागं खाटा किती, महिन्याला हातमोजे किती, सुई टोचलेल्या किती, आणि कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस किती जणींना दिली. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ही लस द्यायचीच आहे. हा तक्ता दर महिन्याला भिंतीवर लावा. खाली सही साहेबाची.

दुसऱ्या दिवशी पोरांनी ते बायांना वाचून दाखवलं. बोनसचं कलम ऐकून एक बाई म्हणाली, "म्हंजे हे आमचंच हाय? मग विनंती कशाला लिवलीय?"

तिचं बरोबर होतं. 'विनंती' खोडून आम्ही 'मागणी' केलं. अर्ज टाकलाय. उत्तर आलं की पुढच्या अंकात लिहीन. तोवर तुमच्या भागातल्या इस्पितळात जा, मावशीला तिच्या नावानं हाक मारा, आणि विचारा : तुमच्या ठेकेदाराकडं माणसं किती?